करंडक : लाकूड, लाख आणि झाकण

आपल्या शाळेच्या कार्यालयात काचेचे एक कपाट आहे. वक्तृत्व, निबंध, कबड्डी, समूहगान अशा स्पर्धांत मिळालेले करंडक त्यात ओळीने मांडलेले आहेत. हा अंक हाती घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांनी त्यांतला एखादा तरी दोन्ही हातांनी उंचावून धरला असेल. परंतु शब्दाच्या मूळ अर्थाकडे पाहिले, तर त्यांतला एकही करंडक नव्हे. कारण एकालाही उघडणारे झाकण नाही. करंडा अथवा करंडक म्हणजे झाकणाची डबी. जुन्या घरांतल्या फडताळात कुंकवाचा म्हणून जो लाकडी करंडा असे, तो खरा करंडक. पाली वाङ्मयात हाच शब्द ‘करण्डक’ या रूपात आढळतो, आणि स्तूपाच्या गर्भात ज्या पात्रात अस्थिधातू ठेवले जात त्याला अभ्यासक धातुकरंडक म्हणतात. बक्षिसाच्या चषकाला हे नाव कसे जडले, हा भाषेचा स्वतंत्र प्रवास आहे. तो येथे बाजूला ठेवू.

या लेखात आम्ही लाकडाचा करंडक कातून, रंगवून कसा सिद्ध होतो ते सांगणार आहोत. त्याला एक निमित्त आहे. शाळेच्या कार्यशाळेत लाकूड कातण्याचे यंत्र आल्यापासून जवळजवळ प्रत्येक पालकसभेत एक प्रश्न उभा राहतो : “मुलं शिकायला पाठवली, की पटाशी धरायला?” प्रश्न विचारणारे पालक अडाणी नाहीत, आणि त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखाही नाही. त्यामागे शतकांचा अनुभव आहे. त्याला उत्तर देण्यापूर्वी पटाशी प्रत्यक्षात काय करते, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

आरंभ लाकडापासून. कर्नाटकातील चन्नपट्टणची लाखेची खेळणी प्रसिद्ध आहेत. ती मुख्यतः काळ्या कुड्याच्या लाकडाची असतात. आंध्रातील एटिकोप्पाका येथेही हेच झाड वापरतात. या लाकडाचा पोत बारीक, रंग फिकट. कातताना ते तुटत नाही आणि रंग स्वच्छ घेते. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे आणि खेळणी होतात, तेथे पांगाऱ्यासारखे हलके लाकूडही चालते. विदर्भात सहज मिळणारे शिवण आम्हांला या कामी फार सोयीचे वाटते. ते वजनाला हलके आहे, आणि मुख्य गोष्ट म्हणजे एकदा वाळल्यावर फारसे हलत नाही.

‘हलणे’ हा सुतारांचा शब्द. लाकूड मेल्यावरही हवेतला ओलावा घेते आणि सोडते, आणि त्यानुसार फुगते वा आकसते. रेषेच्या दिशेने, म्हणजे खोडाच्या लांबीत, हा फरक नगण्य असतो. आडव्या दिशेने तो जाणवतो. त्यातही वार्षिक वलयांच्या कडेने होणारे आकसणे हे मध्यापासून सालीकडे होणाऱ्या आकसण्याच्या साधारण दुप्पट असते. म्हणूनच ओल्या लाकडातून कातलेले वर्तुळ महिन्याभरात लंबगोल होते. वाटीच्या बाबतीत हे खपून जाते. झाकणाच्या डबीत खपत नाही, कारण लंबगोल गळ्यावर गोल झाकण बसत नाही. करंड्याची सगळी कसोटी या एका गोष्टीत आहे, आणि पुढची प्रत्येक कृती तिच्याच धाकाने ठरते.

सावलीत सावकाश वाळवलेला, सुमारे ८ सेंटिमीटर जाडीचा आणि १५ सेंटिमीटर लांबीचा ठोकळा घ्यावा. त्याच्या रेषा लांबीच्या दिशेने धावणाऱ्या असाव्यात. झाकण आणि डबी दोन्ही याच एका ठोकळ्यातून काढायची. दोन वेगळ्या लाकडांचे झाकण-डबे दिसायला आकर्षक असतात. पण दोघांचे हलणे निराळे, आणि पहिल्याच पावसाळ्यात ते एकमेकांशी फटकून वागू लागतात. एकाच ठोकळ्यातले दोन भाग मात्र बरोबरच फुगतात, बरोबरच आकसतात.

ठोकळा यंत्राच्या दोन टोकांमध्ये पकडून फिरवायचा आणि हत्यार स्थिर आधारावर टेकवून त्याला भिडवायचे, एवढेच कातकामाचे तत्त्व. मराठीत सूतही कातले जाते आणि लाकूडही. दोन्हीकडे काहीतरी फिरत असते आणि माणसाचा हात त्या फिरण्याला आकार देत असतो. हे काम करणाऱ्याला आपल्याकडे कातारी म्हणत. मिनिटाला सुमारे हजार फेऱ्यांच्या वेगाने ठोकळा फिरू लागला, की गोल पटाशीने आधी त्याचे कोन जातात. खडखड असा तुटक आवाज हळूहळू एकसंध होतो. आवाज सलग झाला म्हणजे ठोकळा गोल झाला. डोळ्यांनी पाहण्याची गरज उरत नाही. या टप्प्यावर आम्ही मुलांच्या बाह्या, ओढण्या, गळ्यातल्या साखळ्या आणि मनगटातले धागे तपासतो. यंत्राला धागा आणि हात यांतला भेद कळत नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच.

ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पकडीसाठी आखूड खुंट्या कातून घेतल्या, की अरुंद पटाशीने झाकणाचा भाग डबीपासून वेगळा करायचा. पटाशी जितकी पातळ, तितके लाकूड कमी वाया जाते आणि झाकण बसल्यावर रेषा जुळल्यासारख्या दिसतात. त्या पूर्णपणे कधीच जुळत नाहीत, कारण डबीचा गळा तयार करण्यात काही मिलिमीटर लाकूड झाकणाच्या आत लपते.

आता झाकण आधी पोखरायचे, डबी नंतर. नवशिक्यांना हे उलटे वाटते. मुख्य वस्तू डबी असताना झाकणापासून सुरुवात का? कारण पोकळीचा व्यास नेमका साधणे अवघड आणि बाहेरचा व्यास केसभर कमी करणे सोपे. झाकणाची पोकळी जी होईल ती होऊ द्यावी. मग डबीचा गळा तिच्या मापाने उतरवावा. पोखरताना पटाशी मध्यापासून कडेकडे न्यायची, म्हणजे लाकडाच्या तंतूंना मागून आधार राहतो आणि ते उचकटत नाहीत. झाकणाच्या ओठाची आतली भिंत अगदी सरळ हवी. ती आत निमुळती झाली, तर झाकण काठावरच अडते; बाहेर पसरट झाली, तर डुगडुगते.

कच्चे पोखरून झाले, की काम थांबवायचे. भिंती जाड ठेवून दोन्ही भाग दोन-तीन आठवडे तसेच कागदी पिशवीत, ढलप्यांसह ठेवून द्यायचे. आतले लाकूड पहिल्यांदाच हवेला उघडे पडलेले असते. त्याला जे हलायचे असेल ते हलू द्यायचे. वसतिगृहातल्या मुलांना हा टप्पा सर्वांत कठीण जातो. शनिवारी सुरू केलेली वस्तू रविवारी घरी न्यायची असते.

नंतर गळा. डबीच्या तोंडाशी आधी किंचित निमुळता गळा कातायचा, फिरता ठेवायचा आणि झाकण त्यावर हलकेच टेकवायचे. घर्षणाने गळ्यावर एक चकचकीत कडे उमटते. ते कडे म्हणजे झाकणाने स्वतःच्या हाताने लिहून दिलेले माप. कॅलिपरपेक्षा ते अधिक विश्वासार्ह. त्या कड्याच्या मापाला सबंध गळा आणला, की झाकण घट्ट बसते, इतके घट्ट की दोन्ही भाग पुन्हा एकच ठोकळा असल्यासारखे फिरवता येतात. बाहेरचा घाट याच स्थितीत द्यायचा : पोटाची गोलाई, खांद्याचा उतार, कमळकळीसारखी मूठ. सांध्याजवळ एक बारीक खोबण मुद्दाम कोरतात. पुढेमागे दोन्ही कडा अंशभर सरकल्या, तरी त्या खोबणीच्या सावलीत ते दिसत नाही. ही लबाडी खरी, पण सगळे कारागीर ती करतात.

डबीचे पोट यानंतर पोखरायचे. हत्याराला चिकटपट्टी लावून खोलीची खूण करावी, म्हणजे तळ फुटत नाही. भिंत पातळ होत जाते तसा पटाशीचा आवाज चढत जातो. हाताला कळण्याआधी कानाला कळते. चार-पाच मिलिमीटर भिंत आणि थोडा जाड तळ पुरेसा. शेवटी गळ्यावरून कागद फिरवून झाकण हवे तेवढे सैल करायचे. उचलताना हलकासा ‘फक्’ आवाज व्हावा आणि डबी बरोबर उचलली जाऊ नये, इतके.

येथे एका सुत्ताची आठवण अपरिहार्य आहे. दीघनिकायातील महासतिपट्ठान सुत्तात आणि मज्झिमनिकायातील सतिपट्ठान सुत्तात तथागतांनी आनापानाचा, म्हणजे श्वासावरील सतीचा, अभ्यास समजावताना एका कारागिराची उपमा दिली आहे. तो कारागीर म्हणजे भमकार, म्हणजेच कातारी. कुशल कातारी किंवा त्याचा शिकाऊ लांब ओढ घेताना ती लांब आहे हे जाणतो आणि आखूड ओढ घेताना ती आखूड आहे हे जाणतो. साधकाने आपला दीर्घ आणि ऱ्हस्व श्वास तसाच जाणावा, असा त्याचा आशय. विजेच्या यंत्राकडे पाहून ही उपमा उलगडत नाही. जुने यंत्र दोरीने फिरे. दोरी ओढली की लाकूड एका दिशेने फिरायचे, सोडली की उलटे. आणि हत्यार फक्त एकाच दिशेला कापायचे. म्हणजे एक ओढ कामाची, एक परतीची, श्वास-उच्छ्वासासारखी. पाचव्या शतकातील बुद्धघोषांच्या अट्ठकथेत याचा आणखी खुलासा आहे : नगाऱ्यासारख्या मोठ्या वस्तू करताना हातपाय पसरून लांब ओढ घ्यावी लागते, तर हस्तिदंती सुईघरासारख्या छोट्या वस्तूंना हळूहळू आखूड ओढ पुरते. भाष्यकाराने कातारी काम करताना लक्षपूर्वक पाहिला होता किंवा पाहणाऱ्याचे ऐकले होते, यात आम्हांला शंका वाटत नाही. आणि सुत्तातील एक बारकावा आमच्यासारख्या शिक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. उपमा केवळ निष्णात कारागिराची नाही, त्याच्या अन्तेवासीची, म्हणजे शिकणाऱ्या मुलाचीही आहे.

रंगाचे काम यानंतर येते, आणि तेही फिरत्या लाकडावरच. लाख हा एका सूक्ष्म कीटकाचा स्राव. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे कीटक वस्ती करतात आणि राळेसारखे कवच तयार करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून लाख मिळते. मंद आचेवर मऊ करून तिच्यात रंग मळतात आणि तिच्या कांड्या वळतात. हळदीचा पिवळा, निळीचा निळा, शेंदरीच्या बियांचा नारिंगी असे वनस्पतिज रंग आता पुन्हा वापरात येत आहेत. लहान मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूंना तेच योग्य.

कांडी फिरत्या लाकडावर दाबली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडाला धरते. येथे ना ब्रश, ना वाळण्याची वाट. दाब कमी पडला तर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. जास्त झाला तर जळतो आणि काळवंडतो. मग केवड्याचे वाळलेले पान घडी करून फिरत्या पृष्ठभागावर धरायचे. पानाच्या घर्षणाने लाख पुन्हा मऊ होऊन सारखी पसरते आणि आरशासारखी चमक येते. कारखान्यात तयार झालेला कुठलाही कागद हे काम इतके नीट करीत नाही. गळ्याला आणि झाकणाच्या आतल्या ओठाला मात्र लाख कधीही लावू नये. लाखेचा थर जाडी वाढवतो आणि उन्हाळ्यात मऊ होऊन झाकण चिकटवतो. उघडल्यावर आत दिसणारे कोरे लाकूड ही उणीव नव्हे.

लाकडी करंडक दोन हजार वर्षे टिकत नाहीत; वाळवी आणि ओल त्यांना संपवतात. दगडाचे टिकले. १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेसी यांनी सांची व आसपासचे स्तूप उघडले, तेव्हा मऊ शंखजिऱ्याच्या दगडातून कातून घडवलेले करंडक त्यांना मिळाले. सारिपुत्त आणि महामोग्गल्लान यांच्या अस्थींच्या करंडकांत झाकणाच्या आतल्या बाजूला शाईने एकेकच अक्षर लिहिलेले होते, ‘स’ आणि ‘म’.  ते अक्षर झाकण उलटे केल्यावरच दिसत होते. आपल्या महाराष्ट्रात, नालासोपाऱ्याजवळच्या स्तूपात, १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना दगडी मंजूषेच्या आत तांबे, चांदी, पाषाण, स्फटिक आणि सोने यांचे करंडक एकात एक बसवलेले सापडले. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात होते मातीच्या पात्राचे तुकडे. एकात एक बसणाऱ्या पाच डब्या करणाऱ्याला झाकणाचे माप किती वेळा घ्यावे लागले असेल, याचा विचार आमच्या विद्यार्थ्यांनी आता सुरू केला आहे. पूर्वी ते केवळ सोन्याविषयी विचारत.

या घडवणाऱ्यांपैकी काहींची नावेही दगडावर आहेत. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंताचे काम करणाऱ्यांनी, आपण हे शिल्प केल्याचे कोरले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथील वेणुवासाचा मुलगा सामि याने द्वार केल्याचा लेख आहे, आणि तो स्वतःला वड्ढकी, म्हणजे सुतार, म्हणवतो. त्याच चैत्यगृहात छताच्या सागवानी फासळ्या आणि स्तूपावरची लाकडी छत्री आजही उभी आहे.

आता पालकांचा प्रश्न. आपल्या आजोबा-पणजोबांनी हाताने केलेल्या कामाला मोबदला नव्हता आणि नकाराचा अधिकारही नव्हता. गावकीची कामे वतनाच्या नावाखाली लादलेली होती. त्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या १९३६ मधील, प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात त्यांनी दाखवून दिले, की जात ही नुसती श्रमांची वाटणी नसून श्रमिकांचीच उतरंडीने केलेली वाटणी आहे, आणि तीत माणसाची आवड वा कुवत विचारात घेतली जात नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींच्या सरकारने मुलांना अर्धा वेळ शाळा आणि उरलेला वेळ घरचा पिढीजात धंदा अशी योजना आणली. तिला कडवा विरोध झाला आणि पुढच्याच वर्षी ती गुंडाळावी लागली. तेव्हा पटाशी पाहून ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांना इतिहास ठाऊक आहे, असेच आम्ही म्हणू.

पण त्याच बाबासाहेबांनी १९४२ मध्ये गव्हर्नर जनरलला सादर केलेल्या निवेदनात अस्पृश्य तरुणांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून प्रवेशही मागितला. छापखाना आणि कारखाना म्हणजे हाताचेच काम. फरक कुठे पडतो? जातीने दिलेले काम शिकवले जात नाही, ते लादले जाते. त्यात माप नसते, वाढ नसते आणि सोडून जाण्याचे दार नसते. आमच्या कार्यशाळेत मुलगा वा मुलगी कोणाच्या घरची, हे कोणी विचारीत नाही. भूमितीच्या तासाला शिकलेला व्यास येथे हाताला लागतो, आणि वर्षाअखेरीस ज्याला नको त्याने पटाशी खाली ठेवावी. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आयटीआयमध्ये टर्नर झाले आणि रेल्वेत, आयुध कारखान्यांत, खासगी उद्योगांत सन्मानाने स्थिरावले. टर्नर म्हणजे भमकारच. लाकडाऐवजी त्याच्यापुढे लोखंड आहे एवढेच.

कारागिराच्या पोटाची काळजी विनयातही दिसते. कपिलवत्थूच्या एका दंतकाराने भिक्खूंना सुईघरे देऊ केली. भिक्खू इतकी मागू लागले, की बिचाऱ्याला विकायचे काम करायला वेळच उरेना आणि बायकामुलांचे हाल होऊ लागले. लोकांनी नाराजी बोलून दाखवली, तेव्हा हाडाची, हस्तिदंताची किंवा शिंगाची सुईघरे करवून घेण्यास मनाई झाली. पाचित्तियांतला तो ८६ वा नियम. राजगृहाच्या श्रेष्ठीच्या चंदनी पात्राची कथाही अशीच बोलकी आहे. बांबूच्या टोकावर टांगलेले ते पात्र पिंडोल भारद्वाजाने ऋद्धिबलाने उतरवले, अशी ती कथा सांगते. पण एका लाकडी भांड्यासाठी चमत्कार दाखवला म्हणून तथागतांनी त्याची कानउघाडणी केली, पात्र फोडून त्याचे तुकडे अंजनात उगाळण्यासाठी भिक्खूंना वाटायला लावले आणि लाकडी भिक्षापात्रच वर्ज्य केले. अंजनाची डबी मात्र लाकडाचीही चालेल आणि लाखेचीही, असे महावग्गात स्पष्ट आहे. ती उघडी राहून तिच्यात गवत आणि धूळ पडू लागली, म्हणून झाकणाची अनुमती मिळाली. झाकण निसटून पडू लागले, तेव्हा ते सुताने डबीला बांधण्याची.

वापराविषयी थोडे सांगून थांबतो. श्रावणात झाकण जड जाऊ लागले, तर सरळ ओढू नये. लाकडाच्या मुठीने सांध्यावर चहूबाजूंनी हलके ठोकत, फिरवत काढावे. मार्च-एप्रिलमध्ये ते सैल वाटेल. तेव्हा गळ्यावर मेणाचे बोट फिरवले की पुरते. करंडक उन्हात ठेवू नये, ओल्या फडक्याने पुसू नये. या अंकाच्या प्रकाशनदिनी विद्यार्थ्यांनी केलेले करंडक कार्यशाळेच्या व्हरांड्यात मांडलेले असतील. पाहणाऱ्यांनी ते उघडून पाहावेत, आणि झाकणाची आतली बाजूही.